टपावरचा अँटेना मोडला, पार्किंगमध्ये कोणी पाहिलं का?

ए-२०३: नमस्कार. गाडीच्या टपावरचा अँटेना मोडलाय. रात्री गाडी लावली तेव्हा नीट होता. कोणी पाहिलं असेल तर कृपया सांगावं. मागे गाडीचा आरसा फुटला तेव्हाही कोणीच पाहिलं नव्हतं म्हणा.

सी-१०४: पार्किंगमधलं क्रिकेट बंद करा.

बी-५०१: दरवेळी मुलांवरच का? परीक्षा चालू आहे, मुलं खाली उतरलेलीच नाहीत.

सेक्रेटरी: आरोप नकोत प्लीज. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघतो.

डी-३०२: त्या खांबामागचं कॅमेऱ्यात येतच नाही साहेब. किती वेळा सांगितलंय.

बी-४०४: दादा, नुसती काडी मोडली की खालचं बूडही तडकलंय? काडीच असेल तर काम सोपं आहे, ती आट्यांवर बसते. मोडका तुकडा दुकानात सोबत न्या. एम ५ आणि एम ६ (५ आणि ६ मिमी) दोन्ही आटे येतात, अंदाजाने घेऊ नका.

ए-२०३: बूड ठीक आहे. पण स्क्रू आतच मोडून राहिलाय.

डी-३०२: इन्स्टंट गोंदाने चिकटवा की.

बी-४०४: अजिबात नको! गोंद आट्यात गेला तर पूर्ण बूड बदलावं लागेल. त्यासाठी मागच्या बाजूने छताचं अस्तर खाली घ्यावं लागतं, आणि कडेला पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असेल तर ते घरी करायचं कामच नाही.
स्क्रूचं टोक वर असेल तर बारीक पक्कडीत धरून डावीकडे फिरवा. आत गेलं असेल तर मेकॅनिककडेच जा. बऱ्याच गाड्यांत बुडातच अँप्लिफायर (सिग्नल वाढवणारा भाग) असतो, ड्रिल त्यात गेलं की संपलं. तोवर भोकावर टेप लावा, पाणी जाऊ देऊ नका.

सी-१०४: क्रिकेट बंद केलं तर हे काहीच करावं लागणार नाही.

बी-५०१: काका, तुमचं वाचलं आम्ही.

डी-३०२: त्यापेक्षा वरून चिकटवायचा शार्क फिन (माशाच्या पंखासारखा अँटेना) लावा. झकास दिसतो.

बी-४०४: तसले बरेचसे नुसते प्लास्टिकचे असतात, रेडिओला उपयोग शून्य. एफएमची लाट साधारण ३ मीटरची, तिचा पाव भाग पाऊण मीटर, अँटेना साधारण तेवढा लांब लागतो. म्हणून आखूड काडीत तार गुंडाळलेली असते. आपल्या मॉडेलचीच काडी घ्या.

डी-३०२: पाऊण मीटर म्हणजे काकांची छत्री चालेल 😀

ए-२०३: तुमची गाडी असती तर विनोद सुचले नसते.

बी-५०१: आणि तुमची गाडी पिवळ्या रेघेबाहेर असते, तेही लिहा.

ए-१०२: भावजी, राग मानू नका. सकाळी तुम्ही कव्हर ओढलंत तेव्हा काडी त्यात अडकून चांगलीच वाकली होती. आरशावरून एवढं झालं होतं, म्हणून बोलले नाही.

ए-२०३: वहिनी, तेव्हाच हाक मारायची होती.

बी-५०१: मुलांची माफी कोण मागणार?

सी-१०४: तरीही क्रिकेट बंदच व्हायला हवं.

सेक्रेटरी: 🙏 सगळ्यांनी शांत राहा.

बी-४०४: यापुढे कव्हर घालायच्या आधी काडी काढून ठेवा. मशीनने गाडी धुतानाही. परत बसवताना हाताने आवळली की पुरे.

ए-२०३: बरं. संध्याकाळी पक्कड घेऊन खाली याल का? टोक थोडं वर दिसतंय.

बी-४०४: येतो. टॉर्च आणा.

बी-५०१: गाडी रेघेच्या आत घ्या आधी.