मदत हवी आहे: हवेत खणखणीत वाजणारं चांदीचं नाणं मातीत गप्प का होतं?

नमस्कार मंडळी,

मेटल डिटेक्टर घेऊन मला आठ महिने झाले. एकट्याच्या डोक्याने जे सुटत नाहीये ते इथे मांडतो.

मित्राच्या शेतात नांगरट चालू असताना नांगराच्या तासात त्याला एक जुनं चांदीचं नाणं मिळालं. अंगठ्याच्या नखाएवढं, पातळ, एका बाजूची अक्षरं जेमतेम दिसतील इतकं झिजलेलं. तेव्हापासून त्याच्या लेखी परवानगीने मी दर सुट्टीला तिथे जातो. आजवर निघालं काय, तर खिळे, तारेचे तुकडे, फाळाचा तुटका भाग, बाटल्यांची झाकणं आणि तांब्याची दोन नाणी. चांदी एकदाही नाही. ते एक नाणं तिथे एकटंच आलं असेल असं मला वाटत नाही, म्हणून जीव अडकलाय.

कोडं असं. सगळे धातू ऐकू येतील असं मशीन लावून तेच नाणं हवेत धरलं, तर कॉइलपासून (जमिनीवर फिरवायच्या चकतीपासून) २५ सेंटिमीटरवर मशीन स्वच्छ वाजतं. त्याच शेतात १२ सेंटिमीटर खाली पुरून बघितलं, तर आवाजच नाही. माती तांबूस काळी आहे. चुंबक फिरवला की त्याला काळी भुकटी चिकटते.

दुसरं म्हणजे मशीनच्या पडद्यावरचा, धातू कुठला असेल याचा अंदाज देणारा आकडा ८५ च्या वर जातो, आवाज उंच येतो, मी आशेने खणतो आणि वाकडा खिळा निघतो. बहुतेक वेळा असा सिग्नल एकाच दिशेने कॉइल फिरवल्यावर येतो.

मशीन एका फ्रिक्वेन्सीचं आहे, साधारण १५ किलोहर्ट्झ. कॉइल २८ सेंटिमीटरची. सेन्सिटिव्हिटी पूर्ण वर. डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या आकड्यांचा आवाज बंद करायची सोय, वापरून ७० च्या खालचं सगळं बंद, कारण चांदीचा आकडा वरचा असतो असं वाचलं होतं. मोबाइल खिशातच असतो.

माझं चुकतंय कुठे? आणि मित्र ते नाणं टूथपेस्टने घासून चकचकीत करायचं म्हणतोय. करू द्यावं का?

प्रतिसाद १

आधी शेवटचं. घासू देऊ नका, आजच सांगा त्याला. टूथपेस्टमध्ये बारीक, खरखरीत पूड असते. तिने अक्षरांचे उरलेसुरले उंचवटे जातील आणि ते परत येत नाहीत. नाणं ओळखायला तेवढंच तर हातात आहे. डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवून सुटी माती सुटू द्या, मऊ कापडावर टिपून वाळवा, बस. फॉइल आणि सोड्याचा उपायही नको, काळेपणाबरोबर जुनी झाकही जाते. फार काळ पुरलेली चांदी ठिसूळ झालेली असू शकते, त्यामुळे वाकलेलं असेल तर सरळ करायला जाऊ नका.

आता मातीबद्दल. चुंबकाला चिकटणारी भुकटी म्हणजे बहुधा मॅग्नेटाइट, लोहाचं खनिज. तुमचं मशीन जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडतं आणि धातूत उठणाऱ्या भोवरी, म्हणजे गोल फिरणाऱ्या विजेच्या प्रवाहांचं उत्तर ऐकतं. अशी माती स्वतःच मोठ्याने उत्तर देते. सेन्सिटिव्हिटी पूर्ण वर ठेवली की नाण्याबरोबर मातीचाही आवाज वाढतो आणि नाणं त्यात बुडतं. म्हणून अशा जमिनीत सेन्सिटिव्हिटी कमी केल्यावर खोली वाढते. ऐकायला उलटं वाटतं, पण करून बघा.

त्याआधी ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मशीनला मातीचा आवाज ओळखून बाजूला ठेवायला लावणं. धातू नसलेली जागा शोधा, कॉइल जमिनीलगत आणून वीतभर वर न्या, परत खाली, आवाज स्थिर होईपर्यंत. हे सकाळी एकदा करून भागत नाही. मातीचा रंग किंवा ओल बदलली की पुन्हा करायचं. मोबाइल विमान मोडवर टाका.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. खिळ्यांचं मी सांगतो, कारण त्यांनी माझी पहिली दोन वर्षं खाल्ली.

नाणं गोल असतं. सपाट पडलेलं असेल तर कुठूनही कॉइल फिरवा, सिग्नल साधारण तसाच राहतो. खिळा लांब असतो. म्हणून आवाज आला की तिथेच ९० अंशात वळा आणि पुन्हा फिरवा. आवाज तुटला, किंवा आकडा खाली घसरून लोखंडाचा गुरगुर आवाज आला, तर तो खिळा असण्याचीच शक्यता जास्त. पिनपॉइंट मोडमधली (वस्तूची नेमकी जागा दाखवणाऱ्या मोडमधली) जागा आणि उंच आवाजाची जागा काही बोटं वेगळी पडत असेल तरीही तेच. गंजलेलं मोठं लोखंड चांदीचा आकडा हुबेहूब दाखवतं, पण कॉइल वर उचलल्यावर त्याचा सिग्नल लवकर विरत नाही, नाण्याचा विरतो.

मात्र एक अपवाद लक्षात ठेवा. उभं रुतलेलं नाणंही एका बाजूने चांगलं आणि दुसऱ्या बाजूने वाईट वाजतं. त्यामुळे शंका असेल तर खणा.

२८ ची कॉइल खिळ्यांच्या शेतात मोठी आहे. तिच्याखाली एकाच वेळी खिळा आणि नाणं आलं तर खिळा जिंकतो. १५ सेंटिमीटरच्या आसपासची छोटी कॉइल लावा, हळू फिरवा. १८८१ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला असंच यंत्र वापरलं होतं. गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, आणि गोळी सापडली नाही. लोखंडाचा हा त्रास तेव्हापासूनचा आहे.

प्रतिसाद ३

तुमची सगळ्यात मोठी चूक मला ते ७० वाटतं. चांदी सर्व धातूंत विजेची सर्वात उत्तम वाहक आहे, म्हणून जाड नाणं वर वाजतं, हे खरं. पण आकडा फक्त धातूवर ठरत नाही, जाडी आणि आकारही मोजला जातो. ब्रिटिशकाळातला, १९४० च्या आधीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात ९१.७ टक्के चांदी. तो दणकून वाजेल. तुमचं नखाएवढं पातळ नाणं मात्र मधल्या आकड्यांत, झाकणं नि फॉइलच्या शेजारी येणार. हातातलं नाणं डिटेक्टरसमोर धरा, आकडा लिहून ठेवा, आणि डिस्क्रिमिनेशन त्याच्या बरंच खाली आणा. जमिनीत आकडा आणखी हलतो.

पुरून पाहायचं तर ५, १० आणि १५ सेंटिमीटरवर पुरा, लाकडी खुणा लावा. ताजी उकरलेली माती वर्षानुवर्षे दबलेल्या मातीसारखी वागत नाही, हेही धरून चला.

धागालेखक

खरंच आभार. घासणं थांबवलं. नाणं हवेतसुद्धा ६१ दाखवतंय, म्हणजे मी आठ महिने स्वतःच त्याचं दार बंद करून फिरत होतो! डिस्क्रिमिनेशन बरंच खाली आणलं, सेन्सिटिव्हिटी दोन तृतीयांशावर आणली, ग्राउंड बॅलन्स दर तासाला केला, तर १२ सेंटिमीटरवर पुरलेलं नाणं तुटक का होईना, ऐकू आलं. १५ वर अजून नाही. छोटी कॉइल मागवली आहे.

एक प्रश्न उरतो. अशी दोनतीन नाणी जवळजवळ मिळाली तर खणत राहावं का?

प्रतिसाद ४

नाही. तिथेच थांबा.

१९९२ मध्ये इंग्लंडच्या सफोक परगण्यात हॉक्सन गावी एक माणूस शेतकरी मित्राची हरवलेली हातोडी डिटेक्टरने शोधत होता. त्याला नाणी लागली. त्याने थोडी काढली, पण पूर्ण खणून न काढता कळवलं, म्हणून पुरातत्त्वज्ञांना नाणी कशी रचली होती, पेटी कशी होती हे कळलं. त्यात चांदीची १४ हजारांहून जास्त रोमन नाणी होती. ती उपसून पिशवीत भरली असती तर नाणी राहिली असती, बाकी सगळं गेलं असतं.

कायदा प्रत्येक देशाचा वेगळा. भारतात १८७८ चा निखात निधी अधिनियम आहे. त्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ चा कायदा कळवायला १४ दिवस देतो. मालकाची परवानगी याला पर्याय होत नाही, आणि संरक्षित स्मारकाच्या हद्दीत तर डिटेक्टर न्यायचाच नाही. तुमच्या मित्राला मिळालेल्या पहिल्या नाण्याचंही विचारून घ्या.

आणि प्रत्येक वस्तूची जागा टिपा, खिळ्यांचीही. नांगर नाणी ओढत नेतो, त्यामुळे ती एका रेषेत पांगलेली दिसू शकतात.

धागालेखक

मित्राशी बोललो. पहिल्या नाण्याचं लेखी कळवायला तो तयार आहे. त्याला नांगराचा तास कुठला ते आठवतंय, नाण्याची जागा पावलं मोजून दाखवली. मी नकाशावर खूण केली आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोऱ्या बांधून पट्टे आखले. नांगरटीची दिशाही लिहून ठेवली. छोटी कॉइल आली की पहिला पट्टा घेतो, काय वाजलं ते इथेच लिहीन.

तोवर एवढं सांगा, पाऊस पडून गेल्यावर जमीन ओली असताना जावं, की पूर्ण वाळू द्यावी?