हरिकेन एफ-१३४ : कार्ब्युरेटर बदलण्याआधी हवेचा हिशेब करा

जुन्या जीपच्या हरिकेन एफ-१३४ इंजिनावरचा कार्टर वायएफ हा एक बॅरलचा (हवेचा एकच मार्ग असलेला) कार्ब्युरेटर काढून वेबर ३२/३६ हा दोन बॅरलचा लावावा का, असा प्रश्न आहे. माझं स्पष्ट मत : लावू नका.

हे इंजिन १३४ घन इंचांचं, म्हणजे सुमारे २.२ लिटरचं. १३४ गुणिले ४००० आरपीएम भागिले ३४५६ केलं (एका घनफुटात १७२८ घन इंच, आणि इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच हवा ओढतं, म्हणून त्याची दुप्पट) की हवेची गरज १५५ घनफूट प्रति मिनिट येते. सिलिंडर प्रत्यक्षात ८० टक्केच भरतात असं धरलं, तर गरज उरते १२५ च्या आसपास. व्हेंच्युरी, म्हणजे कार्ब्युरेटरचा अरुंद गळा, या गरजेच्या मानाने फार मोठी घेतली की कमी आरपीएमवर हवेचा वेग पडतो, पेट्रोल नीट फवारलं जात नाही आणि दगडांवरून सावकाश चढताना, नेमकी जोराची गरज असते तिथेच, इंजिन अडखळतं. म्हणून एक बॅरलचा वायएफ किंवा सोलेक्स कंपनीचा कार्ब्युरेटरच पुरेसा.

जुना वायएफ ठेवणार असाल तर थ्रॉटल शाफ्ट (हवेची झडप फिरवणारा दांडा) हलवून पाहा. तो खिळखिळा असेल तर तिथून हवा ओढली जाते आणि आयडल (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालतं तो वेग) कधीच स्थिर होत नाही. शाफ्टला नवे बुश (आधाराच्या नळ्या) बसवल्याशिवाय नुसतं दुरुस्ती किट बदलून उपयोग नाही.

फ्लोटची वाटी (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल साठवणारी) कुठल्या बाजूला आहे तेही बघा. चढावर वाटी नोझलपेक्षा उंच गेली तर पेट्रोल सांडून इंजिन गुदमरतं. फ्लोटची पातळी बरोबर असूनही असं होत असेल तर सुई-सीट (वाटीत येणारं पेट्रोल रोखणारी झडप) आणि पेट्रोल पंपाचा दाब तपासा. अडीच ते तीन पीएसआय बास.

ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) साठी होज आणि डायफ्रॅम इथेनॉल सोसणारेच घ्या. प्लग पांढरे पडले, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, तर मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र) एक नंबर मोठा करा.