मदत हवी आहे: नॉक्टन २५ मिमी एफ/०.९५ आत्ता घ्यावी की नव्या व्हर्जनची वाट बघावी?

रात्रपाळी:

नमस्कार मंडळी,

प्रश्न लेन्सचा आहे, पण आधी वापर सांगतो, नाहीतर पहिलाच प्रतिसाद "नेमकं काय काढायचंय?" असा येणार.

मी जत्रांमधल्या दशावताराचे फोटो काढतो. गाव कुडाळजवळ, नोकरी मुंबईत. त्रिपुरी पौर्णिमेनंतर जत्रा सुरू झाल्या की सुट्ट्या जुळवून जातो. पालखी फिरून झाल्यावर नाटक उभं राहतं, म्हणजे खरा खेळ मध्यरात्रीनंतरच. उजेड कसा असतो ते तिकडच्या लोकांना सांगायला नको: एखाद-दोन हॅलोजन, हल्ली एलईडी, तेही वरून मारलेले. मुकुटाखाली राजाचे डोळे काळोखात. फ्लॅश मी वापरत नाही. कलावंतांना त्रास होतो आणि रंगवलेल्या चेहऱ्याचा पार चुना होतो.

कॅमेरा ऑलिंपस ई-एम१ मार्क २. लेन्स त्यांचीच २५ मिमी एफ/१.८ (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). शटर १/१०० च्या खाली नेलं तर युद्धाचा नाच धुरकट येतो, आणि १/१०० धरलं तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटो दाणेदार) ६४०० च्या खाली उतरत नाही. वर ऑटोफोकस मुकुटाच्या टिकल्यांवर जाऊन बसतो आणि चेहरा मऊ येतो. म्हणून फोक्टलेंडर नॉक्टन २५ मिमी एफ/०.९५ घ्यायचं मनात आहे. पूर्ण मॅन्युअल लेन्स आहे हे माहीत आहे. जुन्या फिल्म कॅमेऱ्यावर हात बसलेला आहे, त्यामुळे त्याची भीती नाही.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. या लेन्सला इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट नाहीत. फोटोत लेन्सची नोंद होत नाही, स्टॅबिलायझेशनला फोकल लेंथ आपोआप कळत नाही. याच कंपनीच्या सोनी, फुजी आणि निकॉन झेडसाठीच्या नॉक्टन लेन्सांना मात्र कॉन्टॅक्ट आहेत. मग आमच्या माउंटनेच (कॅमेऱ्यावर लेन्स बसते तो जोड, आमचा मायक्रो फोर थर्ड्स) काय घोडं मारलंय? एक दुकानदार छातीठोकपणे म्हणाला, "थांबा साहेब, नवीन व्हर्जन येतंय." कुठून कळलं विचारलं तर नुसता हसला.

तर थांबू का? नसेल थांबायचं तर टाइप १ आणि टाइप २ मध्ये फरक काय? सेकंडहँड टाइप १ बरीच स्वस्त मिळतेय. चिनी पर्यायांबद्दलही कोणी वापरून सांगितलं तर उपकार होतील.

---

तळकोकणी:

जत्रा कोणासाठी थांबणा नाय रे बाबा, लेन्सीसाठी तर नायच. घेऊन टाक.

(तांत्रिक उत्तर जाणकार देतील. मी पहिल्या रांगेत गोणपाटावर बसून नाटक बघणारा माणूस.)

---

भिंगबुवा:

रात्रपाळी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर कंपनीच्या सवयींमध्ये आहे. अफवा बाजूला ठेवा.

मॅन्युअल लेन्समध्ये "नवीन व्हर्जन" म्हटलं की आपल्याला वाटतं काचा बदलल्या. बहुतेक वेळा तसं नसतं. तुमचीच २५ मिमी घ्या. ती २०१० साली आली, कोसिना (फोक्टलेंडर नावाने लेन्सा बनवणारी कंपनी) मायक्रो फोर थर्ड्समध्ये उतरली तेव्हाची पहिली लेन्स. नंतर १७.५ आणि ४२.५ मिमी आल्या. त्यांना व्हिडिओवाल्यांसाठी एक सोय होती: एक कडी फिरवली की अ‍ॅपर्चर रिंगचे क्लिक बंद होतात आणि ती गुळगुळीत फिरते. जुन्या २५ ला ती सोय नव्हती. टाइप २ मध्ये ती दिली, म्हणजे थोरलीला धाकट्यांच्या रांगेत आणून बसवलं. काचेची रचना तीच, ८ गटांत ११ भिंगं. अगदी जवळचं फोकस तेच १७ सेंटिमीटर. फिल्टर तोच ५२ मिमी. तुम्ही फोटोच काढत असाल तर टाइप १ ने तुमचं काहीही अडत नाही. उलट काळोखात क्लिक मोजत अ‍ॅपर्चर बदलता येतं.

गंमत बघा, सोनी माउंटसाठी त्यांनी नॉक्टनच्या एसई आवृत्त्या काढल्या, त्यात हीच कडी काढून टाकली. एका माउंटवर नवीन व्हर्जन म्हणजे सोय वाढवली, दुसऱ्यावर नवीन व्हर्जन म्हणजे सोय कमी केली.

खरोखर नव्याने मांडलेल्या लेन्सांचं उदाहरणही आहे, पण ते रेंजफाइंडर (लायकासारख्या) कॅमेऱ्यांचं. नॉक्टन ३५ मिमी एफ/१.२ पहिल्यांदा २००३ मध्ये आली, ४९० ग्रॅम. दुसरी २०११ मध्ये, ४७० ग्रॅम. तिसरी आली तिचं वजन एकदम ३३२ ग्रॅम. वाट बघणाऱ्यांचं सार्थक झालं म्हणायचं, पण मध्ये दीड दशकाहून जास्त काळ गेला. निकॉनचं तर विचारूच नका: ५८ मिमी नॉक्ट एफ/१.२ होती १९७७ ची, आणि त्याच नावाची एफ/०.९५ उगवली २०१९ मध्ये, २ किलोची!

आता कॉन्टॅक्टबद्दल. कोसिनाने तुमच्या माउंटसाठी २०२० मध्ये दोन नव्या लेन्सा काढल्या, २९ मिमी एफ/०.८ आणि ६० मिमी एफ/०.९५. तोपर्यंत सोनीसाठी ते कॉन्टॅक्टवाल्या लेन्सा करतच होते, म्हणजे जमत नव्हतं असं नाही. तरी या दोन्ही साफ यांत्रिकच काढल्या. कोऱ्या पाटीवर ज्यांनी कॉन्टॅक्ट दिले नाहीत ते २०१० च्या लेन्सला मागे जाऊन देतील, यावर मी तरी पैसे लावणार नाही.

---

साधीसुधी:

भिंगबुवांना +१. आणि रात्रपाळी, तुम्ही ज्यासाठी थांबताय ते निम्मं तुमच्या कॅमेऱ्यातच आहे की! ई-एम१ मार्क २ च्या मेनूत लेन्सची माहिती साठवायची सोय आहे. कॉन्टॅक्ट नसलेल्या १० लेन्सांची नावं, फोकल लेंथ, अ‍ॅपर्चर भरून ठेवता येतं. लेन्स लावली की यादीतून नाव निवडायचं. फोटोत नोंद होते, स्टॅबिलायझेशनलाही २५ मिमी कळतं. प्रत्येक फोटोला प्रत्यक्ष कुठलं अ‍ॅपर्चर होतं ते मात्र कळणार नाही. तुम्ही तर रात्रभर ०.९५ वरच राहणार, मग काय बिघडलं?

फक्त लेन्स बदलल्यावर यादीतलं नाव बदलायला विसरू नका, नाहीतर स्टॅबिलायझेशन चुकीचा हिशेब करतं आणि फोटो हललेले येतात.

---

चाळीसमिमी:

मी जरा उलटं बोलतो. एफ/०.९५ हवीच का?

१.८ वरून ०.९५ म्हणजे जवळपास पावणेदोन-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). तुमचं ६४०० साधारण १८०० वर येईल. कागदावर झकास. आता फोकसची खोली बघा. २५ मिमी, एफ/०.९५, माणूस ३ मीटरवर: या सेन्सरवर स्पष्ट पट्टा साधारण ४० सेंटिमीटर. २ मीटरवर १८. १ मीटरवर साडेचार. राजपार्टी (राजाचं सोंग घेतलेला नट) बाकड्यावर बसून संवाद म्हणतोय तोवर ठीक. तो उठून तलवार फिरवत पुढे आला की तुम्ही रिंगेशी झटापट करणार.

ऑलिंपसची २५ मिमी एफ/१.२ प्रो बघा. २०१६ ची आहे, ऑटोफोकस आहे, पाणी-धुळीपासून सीलबंद आहे, आणि ०.९५ पेक्षा फक्त पाऊण स्टॉपाच्या आतबाहेर मागे. तुमच्या टिकल्यांच्या दुखण्याला फोकसचा चौकोन सर्वांत लहान करून थेट डोळ्यावर ठेवणं हा इलाज आहे. अख्खा ऑटोफोकस सोडून द्यायची गरज नाही.

---

रात्रपाळी:

सगळ्यांचे आभार. साधीसुधी ताई, तो मेनू मी आजवर उघडलाच नव्हता. आत्ता बघितला, आहे!

चाळीसमिमी, एफ/१.२ प्रो एका ओळखीच्यांकडून जत्रेत लावून पाहिली होती. लेन्स अप्रतिम, पण हॅलोजनच्या झोतात राजा मान हलवतो आणि मुकुटाची जरतार चमकते तेव्हा चौकोन कितीही लहान करा, तो घसरतोच. शिवाय नाटक माहीत असलं की पुढे काय होणार ते कळतं. संकासुर (नाटकातला राक्षस) कुठून येणार, कुठे थबकणार हे ठरलेलं असतं. मी त्या जागेवर आधीच फोकस लावून बसू शकतो. म्हणून मॅन्युअल.

चिनी पर्यायांचं कोणी सांगेल का?

---

लोणावळा_लोकल:

मिटाकॉनची २५ मिमी एफ/०.९५ वापरतो. जमेची बाजू: २३० ग्रॅम. नॉक्टनच्या निम्म्याच्या आसपास, खिशात राहते. ०.९५ वर मधला भाग चालून जातो, कडांचं नाव काढू नका. उजेडाचा दिवा फ्रेममध्ये आला की धुकं पसरतं. लग्नात हळदीच्या वेळी ते छान दिसतं, नाटकात दिसेल का ते तुम्ही ठरवा.

लाओवाची २५ मिमी एफ/०.९५ सुद्धा आहे, ती उघड्या अ‍ॅपर्चरलाही बरीच करकरीत आणि जांभळी किनार कमी. पण वजन ५७० ग्रॅम आणि जवळचं फोकस २५ सेंटिमीटर.

व्हर्जनचं म्हणाल तर चिनी कंपन्यांचा कारभार उलटा. तिथे मार्क २ येतोच, आणि अनेकदा त्यात खरंच काहीतरी सुधारलेलं असतं. मिटाकॉनच्या ३५ मिमी एफ/०.९५ चा मार्क २ पहिलीपेक्षा चांगलाच हलका झाला. तिकडे थांबण्यात अर्थ आहे, कोसिनाकडे नाही.

---

भिंगबुवा:

नॉक्टनचाही स्वभाव सांगून ठेवतो, नंतर "फसवलं" म्हणू नका. ०.९५ वर ती मऊ आहे. पांढरं उपरणं किंवा चकाकणारी जरतार आली की भोवती एक हलकं तेज पसरतं, आणि काळोख्या पार्श्वभूमीवर ते जास्तच दिसतं. एफ/१.४ ला तेज ओसरतं, एफ/२ ला लेन्स धारदार होते. म्हणजे एकीत दोन लेन्सा म्हणा. काहींना ०.९५ चा मऊपणाच हवा असतो. रंगवलेल्या चेहऱ्याला तो शोभतो असं माझं मत, पण चेहऱ्यावरच्या रंगाच्या भेगा टिपायच्या असतील तर १.४ वर या.

एलईडीच्या झोताखाली इलेक्ट्रॉनिक शटर वापरू नका, फोटोवर आडवे पट्टे येतात. यांत्रिक शटर, १/५० किंवा १/१००. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हेच आकडे जुळतात. १/१६० वगैरे ठेवलंत तर एक फ्रेम उजळ, दुसरी अंधारी असा खेळ होतो.

---

तळकोकणी:

माजो एक प्रश्न. एवढी म्हागाची लेन्स घेऊन पहिल्या रांगेत बसलास तर पाठीमागच्या पोरांका दिसतला काय?

---

रात्रपाळी:

मी खांबाला टेकून उभा असतो हो काका!

ठरलं. टाइप १, सेकंडहँड. कोल्हापूरच्या एका गृहस्थांकडे आहे, रविवारी बघायला जाणार. जुनी लेन्स असल्यामुळे बुरशीची धास्ती आहे. हातात घेतल्यावर काय काय तपासू?

---

साधीसुधी:

मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने आत मारा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की सरळ परत. बारीक धुळीचे कण सोडून द्या, त्याने काही होत नाही. मग अ‍ॅपर्चर एफ/१६ ला नेऊन पात्यांवर तेलकट चकाकी आहे का बघा. फोकस रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. मध्येच सैल किंवा मध्येच जड लागली तर लेन्स कधीतरी पडलेली किंवा उघडलेली असते.

आपला कॅमेरा घेऊन जा. विटांच्या भिंतीसमोर समोरासमोर उभं राहून एफ/०.९५ ला एक फोटो काढा, मग एफ/४ ला. ०.९५ ला चारही कोपरे मऊ असले तरी चालेल, पण एकच कोपरा बाकीच्यांपेक्षा जास्त वाईट असेल तर भिंग वाकडं बसलंय.

---

भिंगबुवा:

आणि समोरची कॅप मूळची आहे का ते विचारा. नसेल तर किमतीत घासाघीस करायला तेवढंच निमित्त.