ख्याल शिकलेल्या मुलीला संगीत नाटक जमेल का? आणि ऑपेरा?

रंकाळाकाठी:
नमस्कार मंडळी. भाची लहानपणापासून ख्याल म्हणजे शास्त्रीय गाणं शिकतीय, जयपूर घराण्याची तालीम, कोल्हापुरात दुसरं काय असणार म्हणा. आता म्हणते संगीत नाटकात काम करायचं आणि नंतर ऑपेरा, म्हणजे पाश्चात्त्यांचं संगीत नाटक, शिकायला बाहेर जायचं, मोबाईलवर दिवसभर तेच चालू. ताईला टेन्शन आलंय, मला विचारते आणि मला यातलं ओ की ठो कळत नाही. गळा तयार असला की सगळं जमतं का? आणि पोटापाण्याचं काय?

ऑर्गनवाला:
गळा तयार असणं आणि स्टेजवर गाणं यात लय फरक हाय भावा. मी हौशी संस्थेत संगीत नाटकाला ऑर्गन वाजवतो. बैठकीत गाणारी पोरगी स्टेजवर आली की पहिला घोळ हाताचा, तान आली की उजवा हात आपोआप वर, डोळे मिटलेले, आणि समोर नायक बिचारा खांबासारखा उभा, त्यानं काय करायचं सांगा. दुसरं म्हणजे पदाआधीचं शेवटचं वाक्य. मी हळूच षड्ज म्हणजे सा धरतो, तो कानात घेऊन वाक्य बोलायचं आणि तसंच पदात शिरायचं, मध्ये खाकरायला जागा नाही. हे क्लासात कोण शिकवत नाही. पण तालमीचा गळा वाया जात नाही हे खरं, आपले गायकनट केशवराव भोसले गवई रामकृष्णबुवा वझ्यांकडं शिकले, १९०८ ला ललितकलादर्श नाटक मंडळी काढली, १९२१ ला बालगंधर्वांबरोबर संयुक्त मानापमान नाटक केलं आणि त्याच वर्षी गेले, अवघे ३१ वर्षांचे. त्यांच्या नावाचं नाट्यगृह २०२४ ला जळालं, नायतर तिथंच पोरीला उभी केली असती.

मूळची_राजारामपुरी:
ऑपेराचं मी सांगते, मुंबईत कॉयरमध्ये गाते. तिथं माईक नसतो. एवढ्या मोठ्या ऑर्केस्ट्राच्या वरून शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा आणि तो नुसतं ओरडून पोचत नाही, साधारण ३००० हर्ट्झच्या आसपास आवाजाला धार आणावी लागते, कारण तिथं ऑर्केस्ट्राचा जोर कमी असतो. शिवाय आपण पेटीची काळी चार पट्टी म्हटलं की काळी चार, तिथं पट्टी, लय सगळं कागदावर आणि नजर कंडक्टरकडं. आपली मींड, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तिथं तशी चालत नाही. वर इटालियन, जर्मन, फ्रेंचचे उच्चार. ऑपेरा गायिका पॅट्रिशिया रोझारिओ मुंबईच्याच, लंडनच्या गिल्डहॉल संगीत विद्यालयात शिकल्या, इंग्लिश संगीतकार जॉन टॅव्हनरनं खास त्यांच्या आवाजासाठी रचना केल्या, पण त्यांची तालीम पाश्चात्त्यच. भाचीनं आधी नोटेशन म्हणजे कागदावरची स्वरलिपी वाचायला आणि थोडा पियानो शिकावा, आवडलं तर पुढचं बघा. दोन्ही गळे एकदम घडवायला जाऊ नये असं माझं मत.

पांढरा_रस्सा:
पोटापाण्याचं कुणीच बोलेना! संगीत नाटकाचे प्रयोग आता असतात किती? गाण्याच्या शिकवण्या धरूनच चालायचं, त्यात कमीपणा नाही.

रंकाळाकाठी:
शिकवण्या ती घेतेच, चार पोरं येतात. ऑर्गनवाले, तालमीला पाठवू का?

ऑर्गनवाला:
पाठवा की. साडी नेसून ये म्हणावं, पंजाबी ड्रेसवर पदर सांभाळत गायची सवय लागत नाही.