मदत हवी आहे: विहिरीचा पंप सारखा चालू-बंद होतोय, प्रेशर टँक काढून टाकावा का?

मंडळी, इंदुरात रामबागेत आमचं जुनं घर आहे. नर्मदेचं पाणी शहरात १९७८ साली आलं, घर त्याच्या बरंच आधीचं. त्यामुळे मागच्या अंगणात विहीर आहे आणि ती अजून रोजच्या वापरात आहे. नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो, तो प्यायला आणि स्वयंपाकाला. अंघोळ, धुणं, संडास सगळं विहिरीवर. छपराला कवेलू (कौलं), त्यामुळे वर टाकी ठेवायचा प्रश्नच नाही. म्हणून वडिलांनी विहिरीत एक एचपीचा ओपनवेल सबमर्सिबल (पाण्यात बुडून चालणारा पंप) सोडून न्हाणीघराच्या भिंतीशी १०० लिटरचा उभा प्रेशर टँक बसवून घेतला होता. इतकी वर्षं कुरकुर नव्हती.

आता नळ सोडला की गेजचा काटा २.८ बारवरून दाणकन १.४ वर येतो, स्विच टक करतो, पंप सुरू होतो, चार-पाच सेकंदांत काटा परत २.८ वर, पुन्हा टक, पंप बंद. बादली भरेपर्यंत हेच चालतं. आईने रात्री फ्लश ओढणं सोडलंय, ड्रममधलं पाणी मगाने ओतते, कारण त्या टकटकीने सगळं घर जागं होतं.

मिस्त्रींचं म्हणणं, "साहब, टंकी निकालो, ऑटोमॅटिक कंट्रोलर लगाओ, झंझट खतम." मोटारीचं वाइंडिंग गेल्या उन्हाळ्यातच करून घेतलंय, परत जळली तर विहिरीतून उपसून काढण्यापासून सगळं आलं. टँक खरंच गेला का, हे घरच्या घरी कसं तपासायचं? आणि कंट्रोलर लावणं बरं की वाईट? जाणकारांनी कृपया सांगावे. आगाऊ आभार.

पंपवाला काका

लक्षणं बघता टँकमधली हवा गेली आहे. आत रबराचा ब्लॅडर असतो, त्यात पाणी, बाहेर दाबलेली हवा. पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. साठवण आहे ती हवेच्या जिवावर. हवा नसली की तुमचा १०० लिटरचा टँक म्हणजे नुसता जाडा पाइप.

तपासणी सोपी आहे, पण क्रम चुकवू नका. आधी पंपाचा एमसीबी पाडा. मग टँकच्या जवळचा नळ उघडा आणि काटा शून्यावर येईपर्यंत सोडून द्या. त्यानंतरच टँकच्या डोक्यावरची प्लास्टिकची टोपी काढा, खाली गाडीच्या चाकाला असतो तोच व्हॉल्व्ह दिसेल. टायरच्या गेजने हवा मोजा. पाणी भरलेलं असताना मोजलीत तर गेज पाण्याचाच दाब दाखवतो आणि माणूस म्हणतो, हवा तर भरपूर आहे! अर्धे मिस्त्री इथेच फसतात.

तुमचा पंप १.४ ला सुरू होतो, म्हणजे हवा त्याहून जरा कमी, साधारण १.२५ बार हवी. पीएसआयमध्ये १८. कमी भरली तर सायकलच्या पंपाने भरा, काम झालं. पण पिन दाबल्यावर हवेऐवजी पाणी आलं तर ब्लॅडर फाटला.

माळव्यातली मीरा

काकांशी सहमत. एक जोड: आपल्याकडे विहिरीचं पाणी जड असतं. प्रेशर स्विचला जाणारी बारीक नळी क्षाराने बुजली तरी स्विच वेडावाकडा वागतो. ती उघडून तारेने साफ करून घ्या. आमच्याकडे आतून खडूसारखी पांढरी खपली निघाली होती. आणि कोणी नळ उघडलेला नसताना पंप सुरू होत असेल तर टँकनंतरचा व्हॉल्व्ह बंद करून बघा. तरी काटा उतरला तर गडबड विहिरीकडे, बहुतेक एनआरव्ही (पाणी उलट जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) पाणी मागे सोडतोय. नाही उतरला तर घरात कुठेतरी गळतंय, फ्लशची टाकी पहिली बघा.

पंपवाला काका

कंट्रोलरचं राहिलं. नळ उघडला की पंप सुरू, बंद केला की बंद, एवढंच तो करतो. पाणी साठवत नाही, त्यामुळे हात धुवायलासुद्धा मोटार सुरू होणार. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि वाइंडिंग तापतं ते तिथेच. हिशोब असा की एकदा सुरू झालेला पंप निदान एक मिनिट चालावा. १०० लिटरचा टँक तुमच्या सेटिंगवर ३०-३५ लिटर पाणी देतो, म्हणजे मिनिटाला ३० लिटरच्या आसपास देणाऱ्या पंपाला पुरे. तुमच्या वडिलांनी माप अगदी बरोबर घेतलं होतं. टँक काढायचा सल्ला मी तरी ऐकणार नाही. उन्हाळ्यात विहीर आटते का? मग पैसे ड्राय-रनच्या (पाण्याविना कोरडा पंप चालण्याच्या) संरक्षणावर घाला.

धागाकर्ता

काका, मीराताई, अगदी सांगितलं तसंच केलं. पिन दाबली आणि पाण्याची चिळकांडी थेट चष्म्यावर! म्हणजे ब्लॅडर फाटला. टँकच्या खाली सहा बोल्टांची फ्लँज (उघडता येणारं झाकण) आहे, बोल्ट गंजलेत. नवा ब्लॅडर सियागंज बाजारात मिळेल म्हणतात. माप लिटरवर सांगायचं की कसं?

पंपवाला काका

फ्लँज आहे ना, मग ब्लॅडर बदलता येतो. पत्र्यात कायमचा दाबून बसवलेला पडदा असता तर अख्खा टँक घ्यावा लागला असता. लिटर आणि तोंडाचा व्यास दोन्ही जुळावे लागतात, म्हणून जुना ब्लॅडर काढून सोबतच न्या. बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, आणि टँक आडवा करायच्या आधी रिकामा झालाय ना ते बघा, भरलेला क्विंटलभर जड असतो. नवा बसवल्यावर आधी हवा भरा, पाणी मागाहून.

इंदोरी_पोहे

भिया, फ्लँज उघडली आहेच तर बोल्ट स्टेनलेसचे टाका, पुढच्या वेळी शिव्या वाचतील.