मदत हवी आहे: जुनं मोटरहोम, दोन पेट्रोल टाक्या, पंपावरचा हिशेब जुळत नाही

नमस्कार मंडळी,

आम्ही ॲरिझोनात फिनिक्सला राहतो. मागच्या हिवाळ्यात शेजारच्या एका निवृत्त आजोबांकडून १९८५ चं मोटरहोम, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, घेतलं. इंजिन ४५४ घनइंची, म्हणजे ७.४ लिटर, कार्ब्युरेटरवालं. गाडीला पेट्रोलच्या दोन टाक्या आहेत, पुढची ४० गॅलनची आणि मागची २०. डॅशबोर्डवर एक स्विच आहे. त्याने टाकी बदलते आणि काटाही निवडलेल्या टाकीचाच दिसतो. ॲव्हरेज गॅलनला साडेसहा-सात मैल, आपल्या भाषेत लिटरला जेमतेम तीन किलोमीटर. त्यामुळे दोन्ही टाक्या लागणारच.

आता अडचण. गेल्या महिन्यात दोन्ही टाक्या गळ्यापर्यंत भरल्या. पहिल्या दिवशी पुढच्या टाकीवर ३० मैल चालवली. घरी आलो तर मागच्या बाजूला पेट्रोलचा वास, आणि मागच्या टाकीच्या झाकणाखाली ओल. झाकणाचं रबर गेलं असेल असं वाटलं, म्हणून झाकण बदललं. नंतरच्या रविवारी मागच्या टाकीवर ८० मैल चालवली आणि पंपावर गेलो. मागच्या टाकीत ११-१२ गॅलन मावायला हवं होतं, १६ मावलं. पुढचीत चारेक गॅलन जायला हवं होतं, तर एकातच नळी 'टक' करून बंद!

गॅरेजवाल्याने गाडी न बघताच पेट्रोलपंप बदला म्हणून सांगितलं. मला ते पटत नाही, कारण गाडी कुठेही अडखळत नाही.

आणखी एक. परवा रात्री जनरेटर आपोआप बंद पडला आणि एसी गेला. पुढच्या टाकीचा काटा तेव्हा पावच्या आसपास होता. याचा वरच्या गोष्टीशी संबंध आहे का?

मे अखेरीस आई-बाबा सांगलीहून येताहेत. त्यांना ग्रँड कॅन्यन दाखवायचा आहे. फिनिक्सहून वाटेतल्या फ्लॅगस्टाफपर्यंत जवळजवळ १८०० मीटरची चढण आहे आणि तेव्हा इथे चाळिशीच्या आसपास तापमान असतं. तेव्हा जाणकारांनी मदत करावी, ही विनंती.

– माणिक

---

चाकोरीबाहेर: ताई, आधी वास आणि ओलीबद्दल. हे सगळं उलगडेपर्यंत दोन्ही टाक्या कधीच पूर्ण भरू नका, आणि हाताशी अग्निशामक ठेवा.

आता तुमचे आकडे. एकूण ११० मैलांना १७ गॅलन म्हणजे साडेसहाचा ॲव्हरेज. तुमच्या गाडीला तो नेहमीचाच आहे. म्हणजे पेट्रोल फार कुठे जात नाहीये, फक्त चुकीच्या टाकीतून कमी होतंय. यात पंपाचा दोष दिसत नाही.

चॅसीच्या, म्हणजे गाडीखालच्या लोखंडी सांगाड्याच्या, पट्टीला आतून एक व्हॉल्व्ह लावलेला असेल, सहा तोंडांचा. प्रत्येक टाकीतून दोन नळ्या येतात, एक पुरवठ्याची आणि एक परतीची. इंजिनाकडेही तशाच दोन जातात. इंजिनाचा पंप लागतं त्यापेक्षा जास्त पेट्रोल ओढतो आणि उरलेलं, वाफेसकट, परतीच्या नळीने टाकीत सोडतो. स्विच दाबला की व्हॉल्व्हमधली छोटी मोटर पुरवठा आणि परत दोन्ही एकदम बदलते. ज्या टाकीतून घेतलं, त्याच टाकीत परत गेलं पाहिजे.

तेव्हा शक्यता दोन. एक, व्हॉल्व्ह मागच्या टाकीवर अडकलाय आणि स्विच फक्त काटा बदलतोय. तसं असेल तर तुम्ही दोन्ही वेळा मागचंच पेट्रोल जाळलंत. दोन, परतीच्या नळ्या उलट जोडल्यात. पुढचीतून घेतलेलं मागचीत जातंय आणि मागचीतलं पुढचीत. झाकणाखालची ओल मला दुसऱ्या शक्यतेकडे ढकलते. भरलेल्या टाकीत आणखी पेट्रोल येत राहिलं की ते बाहेर पडणारच.

रस्सा_मंडळ: जनरेटरचा याच्याशी संबंध नाही. बऱ्याच मोटरहोमांमध्ये जनरेटरची पेट्रोल ओढणारी नळी टाकीत मुद्दाम आखूड ठेवतात. पाव टाकी उरली की तो बंद पडतो, म्हणजे रात्रभर एसी चालवून सकाळी गाडी अडकू नये. तुमचा जनरेटर ठणठणीत आहे. काळजी नसावी.

माणिक: जनरेटरचं ऐकून हायसं वाटलं. त्यावर दोनशे डॉलर खर्च करायच्या बेतात होतो. व्हॉल्व्ह अडकलाय की नाही हे कसं ओळखायचं? माझे बाबा म्हणतात, चेतकच्या कॉकसारखंच असेल, फिरवलं की रिझर्व.

चाकोरीबाहेर: बाबांना सांगा, चेतकचा रिझर्व त्याच टाकीतला तळ असतो. इथे टाक्याच वेगळ्या, म्हणून परतीचा प्रश्न येतो.

इंजिन बंद, चावी ऑन. एकाने आत स्विच दाबायचा आणि दुसऱ्याने व्हॉल्व्हवर हात ठेवायचा. सेकंदभर 'घर्र' असं जाणवलं तर मोटर फिरते. नाही जाणवलं तर तिथल्या जोडणीवर १२ व्होल्ट येतात का बघा. स्विच बदलला की धन-ऋण उलटं व्हायला हवं. वर्षानुवर्षं एकाच बाजूला राहिलेल्या स्विचचे संपर्क काळे पडतात.

मोटर फिरली तर दुसरी चाचणी. मागची टाकी निम्मी असताना पुढच्या टाकीवर तासभर चालवा आणि मग क्षणभर स्विच फिरवून मागचा काटा बघा. तो चढला असेल तर परतीच्या नळ्या उलट आहेत. मात्र काटा एकदम पूर्णच्याही पलीकडे गेला तर त्यावर भरवसा ठेवू नका. तशा वेळी टाकीतल्या सेन्सरची वायर तुटलेली किंवा अर्थिंग गंजलेलं असतं.

माणिक: शनिवारी दोन्ही चाचण्या केल्या. 'घर्र' स्पष्ट आलं. आणि तासाभरात मागचा काटा निम्म्यावरून पाऊणच्या जवळ! टाकी न भरता भरताना मी पहिल्यांदाच बघितली.

बाबांना व्हिडिओ कॉल लावून फोन चॅसीखाली धरला. ते एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. त्यांनी आधी एकही नळी काढू दिली नाही. सहाही नळ्यांना वेगळ्या रंगाची नेलपॉलिश लावायला लावली, मग बोटाने एकेक नळी टाकीपर्यंत चाचपायला लावली. मागच्या टाकीची परतीची नळी व्हॉल्व्हच्या पुढच्या टाकीसाठीच्या तोंडाला आणि पुढच्या टाकीची मागच्या टाकीसाठीच्या. नळ्यांवरचे दोन क्लॅम्प बाकीच्यांपेक्षा नवे, चकचकीत. म्हणजे आधी कोणीतरी हे उघडून घाईत जोडलेलं. जुनं रबर वाकवल्यावर आतून बारीक भेगा दिसत होत्या.

रस्सा_मंडळ: बाबांना नमस्कार सांगा. भेगा दिसल्या असतील तर सहाही नळ्या बदला, फक्त उलट लागलेल्या दोनच नको. १९८५ चं रबर आजच्या १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेलं नाही. अशा पेट्रोलला टिकणारी ३०आर९ दर्जाची नळी मागा. काम मोकळ्यावर, इंजिन थंड असताना, बॅटरीचं ऋण टोक काढून.

चाकोरीबाहेर: चढणीसाठी दोन गोष्टी. उन्हात नळीतच पेट्रोलची वाफ होऊन इंजिन खोकायला लागतं. परतीची नळी नीट जोडली की वाफ टाकीत परत जाते, त्यामुळे हा त्रास कमी होईल. तरी फ्लॅगस्टाफचा घाट पहाटे चढा. दुसरं, टाकी बदलायची ती पाव उरलेली असताना, सपाटीवर. इंजिन खोकल्यावर घाटात स्विच शोधत बसू नका.

आणि दोन्ही टाक्या प्रत्येक सहलीला वापरत जा. मागची भरून ठेवून वर्षभर न वापरणं वाईट. पेट्रोल जुनं होऊन चिकट थर बसतो आणि व्हॉल्व्हही जाम होतो.

माणिक: नळ्या बदलल्या, सगळं मिळून ६० डॉलर. काल मागच्या टाकीवर ७० मैल चालवली. मागचीत १० गॅलन मावलं. पुढची आधीच भरलेली होती, तिच्यात एक थेंबही गेला नाही. झाकणाखाली कोरडं आहे.

आई-बाबा २६ तारखेला उतरताहेत. बाबांनी सांगितलंय, ते आल्यावर आधी चॅसीखाली जाऊन क्लॅम्प तपासणार, मग ग्रँड कॅन्यन. चाकोरीबाहेर दादा, रस्सा_मंडळ, तुम्हा दोघांचे मनापासून आभार. नेलपॉलिशचे रंग व्हॉल्व्हवर तसेच ठेवलेत, पुढे कोणीही उघडलं तरी चुकू नये म्हणून.