मदत हवी आहे : वंगण तेलाच्या टाकीसाठी हीटर किती किलोवॅटचा आणि किती लांब कॉइलचा घ्यावा?

नमस्कार. मी नाशिक जिल्ह्यातील एका साखर कारखान्यात देखभाल विभागात आहे. मिलच्या गियरबॉक्सना तेल पुरवणाऱ्या टाकीत व्हीजी 320 प्रतीचे (तेलाच्या दाटपणाची प्रत, बऱ्यापैकी जाड) 2000 लिटर खनिज तेल असते. थंडीत पहाटे ते 12 अंशांपर्यंत उतरते, तेव्हा त्याची श्यानता (दाटपणा) अडीच हजार सेंटीस्टोकच्या पुढे जाते आणि पंपाला ते ओढवत नाही. म्हणून सहा तासांत 40 अंश गाठायचे आहेत.

टाकीत 9 किलोवॅटचा, 415 व्होल्टवर डेल्टा जोडणीचा (प्रत्येक कॉइलला दोन फेजमधला पूर्ण व्होल्टेज मिळणारा) हीटर आहे. गेल्या हंगामात तो बाहेर काढला तेव्हा कॉइलवर कोळशाचा कडक थर जमलेला होता आणि तेलालाही जळका वास येत होता. थर्मोस्टॅट मात्र 45 अंशांच्या वर कधीच गेला नव्हता. अर्थात तो टाकीतल्या तेलाचे तापमान दाखवतो, कॉइलला चिकटलेल्या तेलाचे नव्हे.

मी केलेला हिशेब असा. तेलाचे वजन सुमारे 1760 किलो, विशिष्ट उष्णता 1.95 किलोज्यूल आणि वाढ 28 अंश धरता 26.7 युनिट वीज लागते. 5 मिमी पत्र्याच्या टाकीसाठी आणखी दीड युनिट. टाकीचा सुमारे 11 चौरस मीटर पृष्ठभाग उघडा असल्याने सरासरी दीड किलोवॅट वाया जाते. म्हणजे 6.2 किलोवॅट, आणि वीस टक्के राखीव धरून साडेसात. तेव्हा 9 किलोवॅट फारसे चुकीचे नव्हते.

चूक कॉइलच्या लांबीत असावी. तीन यू-कॉइल, व्यास 11 मिमी, प्रत्येक पाय (यू आकाराची सरळ बाजू) 60 सेंमी, म्हणजे एकूण पृष्ठभाग जेमतेम 1240 चौरस सेंमी. दर चौरस सेंटिमीटरवर सव्वासात वॅट! एवढा भार पाण्याला चालतो, पण जाड तेल कॉइलवरून हलत नाही आणि जागीच करपते. हा भार 1 वॅटवर आणायचा, तर साडेसात किलोवॅटसाठी सुमारे 22 मीटर कॉइल हवी, म्हणजे 1.8 मीटर पायांच्या सहा यू-कॉइल. टाकी 2 मीटर लांब आहे, त्यामुळे त्या बसतील. पण फ्लँज (हीटर टाकीला बसवायची बोल्टची चकती) मोठा करण्यासाठी पत्रा कापावा लागेल आणि ते काम हंगाम संपल्याशिवाय करता येणार नाही.

तोपर्यंत सध्याचाच हीटर साफ करून स्टार जोडणीत (प्रत्येक कॉइलला कमी व्होल्टेज मिळेल अशा) चालवावा, असा विचार आहे. शक्ती एक तृतीयांश, म्हणजे 3 किलोवॅट होईल आणि भार 2.4 वॅटवर येईल. टाकीला 50 मिमी रॉकवूल (उष्णतारोधक खनिज लोकर) गुंडाळले, तर रात्रभरात, साधारण दहा तासांत, 40 अंश मिळावेत.

पंप बंद असताना, स्थिर असलेल्या व्हीजी 320 तेलाला 2.4 वॅटचा भार सोसेल का? शिवाय 1.8 मीटरच्या आडव्या कॉइल मधोमध झुकू नयेत म्हणून आधारपट्ट्या किती अंतरावर द्याव्यात? ज्यांनी अशा टाक्या प्रत्यक्ष हाताळल्या आहेत, त्यांनी कृपया सांगावे.